वायसरभाऊंचे पाहुणे

नगरसेवक वायसरभाऊ गवंड्याच्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडले होते आणि त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. त्या भागातल्या लोकांना याचं नवल वाटत नसे. निम्म्या मतदारांनी आपल्या नगरसेवकाचा चेहरा पोस्टरवरच पाहिला होता. प्रत्यक्षातली ओळख पायांशी. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस त्या पायांजवळ उकिडवा बसायचा, सगळी हकिकत पायांना सांगायचा आणि सिंकखालून आवाज यायचा, "बरं बरं, उद्या जातो मी ऑफिसात." आणि ते खरंच जायचे. बाकीच्या नगरसेवकांत आणि त्यांच्यात एवढाच काय तो फरक होता, पण तो फार मोठा होता.

भाऊ धंद्याने प्लंबर. निवडून आल्यावर लोकांना वाटलं, आता हे पाना खाली ठेवतील आणि पांढरेशुभ्र कपडे घालून हिंडतील. शपथविधीच्या दिवशी त्यांनी घातलेही होते. पण सभागृहाच्या बाथरूममधला नळ ठिबकत होता, आणि भाऊंना ते बघवेना. शपथेच्या फोटोत त्यांच्या शर्टावर जो काळा पट्टा दिसतो, तो त्या नळाचा. घरी आल्यावर बायकोने शर्ट बादलीत बुडवला आणि निकाल दिला, "अहो, पांढरं घालणं राहू द्या आता. जे आहात तेच दिसा. मला रोज घासत बसायला वेळ नाही."

वायसर हे नाव मात्र सभागृहातच पडलं. काम करताना दोन्ही हात पान्याला लागतात, आणि आडव्या पडलेल्या माणसाला खिशात हात घालता येत नाही. म्हणून नळाचं वायसर, म्हणजे गळती रोखणारी ती रबराची चकती, भाऊ दातांत धरून ठेवायचे. पुढे पुढे सवय अशी जडली की सभेत विचार करतानाही तोंडात वायसर. एका बड्या सभासदाने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "हे वायसर इथे बसून करणार तरी काय?" भाऊ उठले, तोंडातलं वायसर काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "गळती थांबवणार." त्या दिवसापासून टोमण्याचं नाव झालं आणि नावाला लोकांनी प्रेमाने भाऊ जोडला.

त्या दुपारी भाऊ ज्या इमारतीत आडवे झाले होते, तिच्यासाठी ते दोन वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवत होते. चार मजले, एकूण एक भाडेकरू. जिन्याच्या पायऱ्यांचे टवके उडालेले, कठड्याला हात लावला की तो हलायचा, आणि गच्चीवरची टाकी झिरपून चौथ्या मजल्यावरच्या मावशींच्या छतातून पाणी गळायचं. मालकाने कधी भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. आणि आता त्यानेच अर्ज केला होता की, इमारत आपण उत्तम ठेवली आहे, सबब भाडं दुप्पट करायला परवानगी मिळावी.

ती परवानगी मिळाली असती तर निम्मी इमारत रिकामी झाली असती, आणि सगळ्यांत आधी जिना उतराव्या लागल्या असत्या त्या मावशींना. मावशींचा जन्म इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी पिळण्यात गेला. "गुडघे तिथेच ठेवून आले, बाकीची तेवढी घरी आले," असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. भाऊंनी त्यांना शब्द दिला होता, "मावशी, मी आहे तोवर तुमची चूल या खोलीतून हलणार नाही." शब्द देताना जीभ चटकन वळली, तो पाळायचा कसा ते मात्र भाऊंना रोज नव्याने शोधावं लागायचं.

उपाय एकच होता. अधिकाऱ्याने स्वतः येऊन इमारतीची पाहणी करायची. दुर्दशा डोळ्यांनी दिसली की मालकाला आधी दुरुस्ती करावी लागणार, आणि ती होईस्तोवर भाडं जैसे थे. म्हणून तर भाऊंनी एवढे दिवस त्या टाकीला हात लावला नव्हता. डोक्यावर टाकी गळते आहे, हातात पाना आहे आणि तरी गप्प बसायचं, हे त्यांना किती जड जात होतं ते त्यांनाच ठाऊक. गवंड्याचं सिंक त्याने स्वतः बसवलेलं, मालकाचं नव्हे, म्हणून निदान त्याला तरी पाना लावायला भाऊ मोकळे होते. ते काम त्यांनी जरा जास्तच लांबवलं होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गवंड्याच्या बायकोने वाकून तो सिंकखाली त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून नगरपालिकेचा शिपाई बोलत होता: उद्या सकाळी पाहणी, अधिकारी बाई स्वतः येणार. भाऊंना इतका आनंद झाला की उठून बसायला गेले आणि सिंकवर डोकं आपटलं. पण दातांतलं वायसर काही सुटलं नाही.

"उज्या शकाळी पाउणी!" ते ओरडले.

"पाहुणे?" गवंड्याची बायको म्हणाली. "कुणाकडे?"

"अहो इथेच, इथेच! मोठ्या बाई आहेत!"

"पण बोलावलं कुणी?"

"मीच! दोन वर्षं पाय धरतोय, आत्ता कुठे हो म्हणाल्या! शगळ्यांना शांगा. काही जुकू नका म्हनावं!"

भाऊ म्हणाले होते 'पाहणी' आणि 'झाकू नका'. वायसरच्या कडेकडेने वाट काढत जे बाहेर आलं, ते गवंड्याच्या बायकोने ऐकलं 'पाहुणे' आणि 'चुकू नका'. यात तिची काही चूक नव्हती. उलट तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली, "काही चुकू नका, असंच ना?" भाऊ म्हणाले, "हां, हां, तेच!" आणि त्याच वेळी पलीकडच्या शाळेत पाइप फुटल्याचा दुसरा फोन आला. सायकलला पिशवी अडकवून भाऊ जे गेले, ते शाळेतून सभेला आणि सभेतून थेट घरी. इमारतीकडे पुन्हा फिरकलेच नाहीत.

इकडे बातमी जिना चढू लागली. तळमजल्यावर जिन्याखाली इस्त्रीवाला बसायचा, त्याला कळलं की भाऊंचे पाहुणे इमारतीत येणार. दुसऱ्या मजल्यावरच्या वेल्डरपर्यंत 'बाई' गळून ते लांबचे, मोठ्या हुद्द्याचे पाहुणे झाले. चौथ्या मजल्यावर मावशींपर्यंत पोचले तेव्हा भाऊंचं पुढचं सगळं भवितव्य त्या पाहुण्यांच्या हातात होतं. मावशींनी दारातच खुर्ची ओढली आणि सगळ्यांना वर बोलावून घेतलं.

"भाऊने पाहुणे स्वतःच्या घरी का नाही बोलावले, कळतंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

कुणालाच कळलं नव्हतं.

"अरे, त्याची खोली केवढी! पाहुणे बसले तर बायकोला बाहेर उभं राहावं लागेल. मुकाट्याने आपल्या भरवशावर बोलावलंय त्याने. तोंडाने म्हणणार नाही तो."

"हो ना," इस्त्रीवाला म्हणाला. "मालकाचा मुनीम माझं टेबल रस्त्यावर फेकायला आला होता, तेव्हा भाऊ टेबलावर चढून बसले होते. आता मलाही फेका म्हणाले. नंतर मी आभार मानले, तर म्हणाले, कसले आभार, बसल्या बसल्या पँटला इस्त्री झाली."

"मला भाजलं तेव्हा महिनाभर आमचं पाणी त्यांनी वर आणून दिलं," वेल्डर म्हणाला. "नगरसेवक असून."

"मग त्याची मान खाली जाता कामा नये," मावशी म्हणाल्या. "या जिन्यावरून पाहुणे चढवणार? त्या कठड्याला धरून? काय म्हणतील ते भाऊला?"

एवढं बोलणं पुरे झालं. गवंड्याने सिमेंट कालवलं आणि पायऱ्या भरायला घेतल्या. वेल्डरने कठडा असा पक्का जोडला की आता इमारत पडली तरी कठडा उभा राहील, आणि वर हिरवा रंग चढवला. जिन्यात दिवे लागले. इस्त्रीवाल्याने साऱ्या इमारतीचे पडदे फुकट कडक करून दिले. एरवी मालकाकडे बोटं दाखवून दाखवून दमलेली ही माणसं; त्यांच्या हातात केवढी कला होती ते त्या संध्याकाळी त्यांचं त्यांनाच कळलं. भाऊंनी इतकी वर्षं त्यांच्यासाठी जे केलं ते फेडायची पहिली संधी मिळाली होती, आणि ती त्यांनी मन लावून साधली.

राहिलं मावशींचं छत. त्याला मावशींनी आधी प्लास्टिकचा मोठा कागद ठोकून घेतला आणि त्याखाली एक फुलाफुलांची चादर चारी बाजूंनी ताणून बसवली. चादरीवर त्यांचा हात आयुष्यभर चाललेला. सुरकुतीही दिसत नव्हती.

सकाळी भाऊ निघाले तेव्हा बायकोने दारातच हात पुढे केला.

"ते तोंडातलं द्या इकडे."

"अगं, नुसतं असतं गं."

"नुसतं असतं म्हणूनच द्या. आज नीट बोलायचंय तुम्हाला."

वायसर काढून घेण्याचा हा उपाय उत्तम होता, फक्त तो एक दिवस उशिरा झाला.

इमारतीच्या दारात अधिकारी बाई आल्या होत्या. काळ्या फ्रेमचा चष्मा, साधी चप्पल, हातात कागद लावलेली पाटी. त्यांच्या शेजारी मालक उभे होते, अगदी गुळगुळीत दाढी करून. बरोबर मुनीम नव्हता. मुनिमाला पाहिलं की भाडेकरू पिसाळतात, हे माहीत असल्यामुळे मालकांनी त्याला मुद्दाम घरी ठेवलं होतं. हुशार माणूस, पण हुशार माणसं ज्या खड्ड्यात पडतात तो त्यांनी स्वतःच नीट आखून खणलेला असतो.

"मी दर महिन्याला जातीने येतो बाई," मालक सांगत होते. "भाडेकरू मला घरातलाच मानतात."

"बघू या," बाई म्हणाल्या.

"बघाच," भाऊ म्हणाले. "आधी हा जिना बघा. पायरी पायरी कशी फुट—"

पायरी गुळगुळीत होती. भाऊंनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग वाकून हात फिरवून पाहिला.

"कशी काय?" बाईंनी विचारलं.

"हा... हा कठडा बघा. हात लावला की हलतो." भाऊंनी कठडा दोन्ही हातांनी धरून हिसडला. कठडा ढिम्म. भाऊंचा खांदा तेवढा दुखावला.

मालकांना हे अपेक्षित नव्हतं, पण आयती आलेली संधी ते सोडणारे नव्हते. त्यांनी कठड्यावरून प्रेमाने तळवा फिरवला. "गेल्या वर्षीच करून घेतलाय. मजबूत काम लागतं मला." मग त्यांनी स्वतःचा तळवा पाहिला आणि तो घाईने खिशात घातला. बाईंनी मालकांच्या खिशाकडे पाहिलं. खिशाच्या कडेला हिरवं लागलं होतं. त्यांची पेन्सिल जरा थांबली.

पहिल्या मजल्यावर गवंडी नवा शर्ट घालून उभा होता. भाऊंनी त्याला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं.

"हे काय करून ठेवलंस? कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की भाऊ! पाहुणे येणार, काही चुकू नका म्हणालात."

"पाहुणे? अरे पाहणी! पा-ह-णी! काही झाकू नका म्हणालो होतो!"

गवंड्याच्या बायकोचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! भाऊ, तोंडात वायसर होतं तुमच्या."

भाऊ कपाळाला हात लावून पायरीवर बसले. दोन वर्षांची धडपड डोळ्यांसमोर बुडत होती. आता बाई लिहिणार, इमारत उत्तम. मग भाडं दुप्पट. मग मावशींची चूल रस्त्यावर. गवंड्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून त्यांनी मान वर केली. गवंड्याच्या नखांत अजून सिमेंट होतं आणि डोळे जाग्रणाने लाल झाले होते. भाऊंना शिवी सापडेना. अशा माणसांवर रागवायचं तरी कसं?

"काम मात्र झकास केलंस," ते एवढंच म्हणाले आणि उठले. "चल, मावशींकडे. छत तर आहे ना अजून गळकं?"

गवंड्याने चादरीचं जे सांगितलं ते पुरतं ऐकायला भाऊ थांबलेच नाहीत. दोन दोन पायऱ्या चढत ते वर धावले. पण बाई आणि मालक त्यांच्या आधी पोचले होते, आणि दारात मावशी उभ्या होत्या. मावशींनी बाईंकडे पाहिलं, मग मालकांकडे पाहिलं. असा गुळगुळीत, उंची कपड्यांतला माणूस त्या मजल्यावर आजवर आला नव्हता. मुख्य पाहुणा कोण ते त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं.

"या, या! बसा!" त्यांनी एकुलती एक गादीवाली खुर्ची मालकांपुढे सरकवली. "केव्हापासून वाट बघतोय तुमची. किती लांबून आलात! चहा घेणार ना? आधी पाणी घ्या."

मालकांची छाती फुगली. बाईंकडे 'बघितलंत ना' अशा नजरेने पाहत ते खुर्चीत बसले.

"यांना ओळखता वाटतं तुम्ही?" बाईंनी मावशींना विचारलं.

"नाही हो, कुठून ओळखणार? आजच बघतेय. पण भाऊचे म्हणजे आमचेच."

पाण्याचा घोट मालकांच्या घशात अडकला. दारात धापा टाकत पोचलेले भाऊ बोलायला गेले, "मावशी, अहो हे तर—"

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शाळेत बाई पाहायच्या तसं. भाऊंनी तोंड मिटलं. ज्या माणसाला उघडा पडलेला साधा स्क्रू बघवत नाही, त्याने त्या क्षणी गप्प राहून दाखवलं, आणि त्यांच्या आजवरच्या सगळ्या कामांत हे सर्वांत अवघड काम होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

"घर छान ठेवलंय तुम्ही," बाई सहज म्हणाल्या. "जिनाही छान आहे."

"हो ना!" मावशी खुलल्या. "कालपर्यंत बघवत नव्हता. आमच्या गवंड्याने काल सगळ्या पायऱ्या भरल्या. माझी चप्पल अडकून मी दोनदा पडलेय तिथे. आणि कठडा वेल्डरने जोडला, नाहीतर तुमच्यासारखा माणूस टेकला असता तर थेट खाली गेला असता. दिवेही काल लागले. त्याआधी आम्ही चाचपडत चढायचो."

बाईंची पेन्सिल भराभर चालू लागली. "आणि मालक? ते येत असतील ना दर महिन्याला?"

"मालक?" मावशी हसल्या आणि मालकांकडे वळल्या. "तुम्हीच ऐका पाहुणे, मोठे माणूस आहात म्हणून सांगते. मी इथे तरणी आले ती म्हातारी झाले, पण त्या मालकाचं तोंड नाही पाहिलं. भाडं न्यायला एक मुनीम येतो. मालक आहे की नाही देव जाणे! आता म्हणे भाडं दुप्पट पाहिजे. तुम्ही बिस्किट घ्या ना. संकोच नका करू."

मालकांनी बिस्किट घेतलं. दुसरं काय करणार? मी मालक आहे म्हणून सांगावं, तर दर महिन्याला येणाऱ्या, घरातलाच मानल्या जाणाऱ्या मालकाला घरातलं कुणीच ओळखत नाही हे कबूल करावं लागणार. पाहुणा म्हणून बसून राहावं, तर ऐकून घ्यावं लागणार. त्यांच्या कपाळावर घाम जमला. तो पुसायला त्यांनी खिशातला हात काढला आणि कपाळही हिरवं झालं.

आता काहीतरी करून गाडी रुळावर आणायला हवी होती. मालकांनी वर पाहिलं. फुलाफुलांची, ताणून बसवलेली चादर. कुठे डाग नाही, थेंब नाही. त्यांना धीर आला.

"बाई, तक्रारीत छत गळतं असं लिहिलंय. कुठे गळतंय? बघा ना, कसं कोरडं ठाक आहे!"

"मधे जरा फुगल्यासारखं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"ते डिझाइन आहे," मावशी घाईने म्हणाल्या.

"डिझाइनच आहे!" मालक म्हणाले. "आणि हे कापड काढलं तर आत याहून सुंदर छत आहे. थांबा, दाखवतोच."

"पाहुणे, नको!" मावशी ओरडल्या.

"साहेब, नको!" भाऊही ओरडले. मालक असला तरी माणूस होता, आणि टाकीचं पाणी किती असतं हे भाऊंना माहीत होतं.

पण मालक खुर्चीवर चढले होते. त्यांनी चादरीचं टोक धरून जोरात ओढलं. आदल्या संध्याकाळपासून प्लास्टिकमध्ये साठलेलं सगळं पाणी एकदम त्यांच्या डोक्यावर आलं. त्यामागून छताच्या गिलाव्याचा एक ओला लपका सावकाश सुटला आणि खांद्यावर येऊन बसला. शेवटी फुलाफुलांची चादर अलगद उतरली आणि मालक तिच्याखाली दिसेनासे झाले.

छतात आता टोपलीएवढं भगदाड दिसत होतं आणि त्यातून थेंब नेहमीसारखे, शिस्तीत पडत होते.

मावशींनी गुडघे विसरून उडी मारली. मालकांच्या अंगावरची चादर काढली, टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं खसाखसा पुसू लागल्या.

"अगं आई गं! लागलं का हो? माझ्या घरात येऊन तुम्हाला हे असं! लाज वाटते मला. बादली ठेवली असती तर निदान... पण पाहुण्यांसमोर बादली कशी ठेवायची?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, आणि लगेच त्या डोळ्यांत अंगार आला. "त्या मालकाला मी सोडणार नाही आता. मी भिजले, चालवून घेतलं. पण भाऊच्या पाहुण्याच्या डोक्यावर छत पाडतो म्हणजे काय! बाई, तुम्ही ऑफिसातल्या ना? लिहा तुम्ही. हे साक्षीदार आहेत. यांच्या डोक्यावरच पडलंय."

"लिहिते," बाई म्हणाल्या. त्यांनी नवा कागद घेतला. "साक्षीदारांचं काय म्हणणं आहे?"

मालक टॉवेलातून बाहेर आले. हिरवं कपाळ, गिलाव्याने पांढरे झालेले केस, गालावरून ओघळणारं पाणी.

"बोला ना पाहुणे," मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नका. भाऊ आहे तुमच्या पाठीशी. मालकाने ही दुरुस्ती करायला हवी की नको? खरं सांगा."

मालकांनी बाईंच्या पेन्सिलीकडे पाहिलं. भाऊंकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं म्हणून नव्हे, तर मावशी वाचल्या हे कळून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

"करायला..." मालक खोल आवाजात म्हणाले, "करायला हवी."

"आणि भाडं?" बाईंनी विचारलं.

"ते... आहे तेवढं ठीक आहे."

"इथे सही करा," बाई म्हणाल्या. मालकांनी सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर हिरवा अंगठाही उमटला, तो आपोआप.

बाई निघाल्या तेव्हा भाऊ त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत आले. पहिल्या पायरीशी थांबून म्हणाले, "बाई, खरं सांगतो, ही पाहणी माझ्यामुळे फसणार होती. माझंच चुकलं."

"भाऊ, मी नोकरीभर पडक्या इमारती बघतेय," बाई म्हणाल्या. "लोक मला पडलेलं दाखवतात, रडून दाखवतात, कधीकधी मुद्दाम पाडूनही दाखवतात. नगरसेवकाची लाज राखायला इमारत दुरुस्त करणारी माणसं आज पहिल्यांदा पाहिली." आणि हिरव्या कठड्याला जपून, हात न लावता, त्या पायऱ्या उतरून गेल्या.

दुरुस्ती सुरू झाली. मालकांचे मजूर आले, नवी टाकी आली, पाइप आले. पाहुणे कोण होते ते एव्हाना साऱ्या इमारतीला कळलं होतं, एक मावशी सोडून. त्यांना सांगावं असा विषय निघाला होता, पण भाऊ म्हणाले, "कशाला? एवढ्या मायेने डोकं पुसलंय त्यांनी. ती माया परत थोडीच घेता येते?"

एके दिवशी मालक काम बघायला स्वतः आले. मुनिमाशिवाय, रस्त्याच्या पलीकडे, झाडाआड उभे राहून बघत होते. पण चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून मावशींनी त्यांना हेरलंच.

"अहो पाहुणे! तिथे काय उभे? वर या!"

अख्ख्या रस्त्याने वळून पाहिलं. मालक वर आले. त्यांना गादीवाली खुर्ची मिळाली, टॉवेल न मागता मिळाला, चहा मिळाला. भाऊ तिथेच नव्या पाइपची जोडणी तपासत होते. मावशींनी कोरडं, पांढरं छत बोट करून दाखवलं आणि मग आवाज खाली आणला.

"काम बरं चाललंय, पण मजूर फार रेंगाळतात. तुम्ही मोठे माणूस, तुमची कुठेतरी ओळख असेल. त्या मालकाला जरा दमात घ्या ना."

मालकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे म्हणाले, "घेतलंय मावशी. आता ऐकतो तो."